एक द्राक्ष, अनेक मद्ये : हेरेझ परिसरातील शेरीच्या वैविध्याची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना

शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ ‘सॅक’ नामक मद्याची जी प्रदीर्घ स्तुती करतो, ती इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकांच्या परिचयाची आहे. हे सॅक म्हणजे आजच्या शेरीचे पूर्वरूप होय. स्पेनच्या नैर्ऋत्येस, अटलांटिक महासागराच्या काठी कादिझ प्रांतात हेरेझ दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही तीन शहरे वसलेली आहेत. या तीन शहरांच्या त्रिकोणात व त्याच्या भोवताली पिकणाऱ्या द्राक्षांपासून शेरी तयार होते. ‘शेरी’ हे नावदेखील हेरेझच्या ‘शेरीश’ या अरबी रूपावरून आलेले आहे.

शेरी हे वस्तुतः एका मद्याचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे. वाळल्या गवताच्या रंगाची, अगदी कोरडी फिनो. तिच्याहूनही हलकी व जिभेला किंचित खारट भासणारी मांझानिया. पिंगट रंगाची अमोंतियादो. गडद व भरदार ओलोरोसो. या शेवटच्या दोहोंच्या सीमेवर उभी असलेली पालो कोर्तादो. आणि काकवीसारखी काळीभोर, दाट व गोड पेद्रो हिमेनेझ. यांपैकी शेवटचे मद्य त्याच नावाच्या द्राक्षापासून होते. पहिली पाचही मद्ये मात्र पालोमिनो या एकाच पांढऱ्या द्राक्षजातीपासून तयार होतात. एकाच मळ्यातून एकाच दिवशी खुडलेली द्राक्षे पुढे परस्परांशी ओळखदेखील लागणार नाही अशी दोन मद्ये होऊन बाटलीत भरली जाऊ शकतात.

हे वैविध्य कोठून आले, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘निसर्गाने दिले’ असे आहे. माती, वारा आणि समुद्राचे सान्निध्य यांचा उल्लेख केला म्हणजे विषय संपला, असे मानले जाते. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. हीच माती व हेच वारे फिनिशियनांच्या काळातही होते; परंतु फिनो हा स्वतंत्र प्रकार म्हणून बाजारात प्रतिष्ठित झाला तो एकोणिसाव्या शतकात. निसर्गाने शक्यता दिली. ती प्रत्यक्षात येण्यासाठी मद्य वर्षानुवर्षे साठवून ठेवण्याचा हक्क कोणाला असावा, या एका रुक्ष वाटणाऱ्या कायदेशीर प्रश्नाचा निकाल लागावा लागला. त्या निकालानंतर मद्यांचे प्रकार वाढले, द्राक्षांच्या जाती मात्र घटल्या. या दोन प्रवाहांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माती, वारा आणि साय

प्रथम निसर्गाचा वाटा मोजून घेणे इष्ट ठरेल. येथील उत्तम मळे ‘आल्बारिझा’ नावाच्या पांढऱ्या, चुनखडीयुक्त मातीत आहेत. या भागात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः हिवाळ्याच्या आगेमागे. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. आल्बारिझा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेते आणि उन्हाळ्यात तिचा वरचा थर कडक होऊन खालचा ओलावा टिकून राहतो. तोडणीनंतर मळ्यातील मजूर वेलींच्या ओळींमध्ये चौकोनी आळी खणतात, हेतू हा की उतारावरचे पाणी वाहून न जाता मुरावे. म्हणजे ज्याला ‘मातीचा गुण’ म्हटले जाते, त्यातही कुदळीचा वाटा आहेच.

वारे दोन. पूर्वेकडून येणारा ‘लेवान्ते’ उष्ण व कोरडा. महासागरावरून येणारा ‘पोनिएन्ते’ थंड व दमट. या दमटपणामुळे येथे एक विशेष घटना घडते. पिंपात भरलेल्या नव्या मद्याच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरट पापुद्रा धरतो. स्पॅनिश भाषेत त्याला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. मराठी वाचकाला तापवून निवविलेल्या दुधावरील सायीची आठवण व्हावी असे त्याचे रूप असते. सुमारे ६०० लिटरचे पिंप हेतुतः काठोकाठ भरले जात नाही. वरचा साधारण सहावा हिस्सा रिकामा ठेवतात, कारण फ्लोरला हवा लागते. फ्लोर हवेतील प्राणवायू स्वतः वापरते, त्यामुळे खालचे मद्य फिकटच राहते, आणि ती मद्यातील ग्लिसरीन खात असल्यामुळे ते अत्यंत कोरडे होते. हीच फिनो. मद्यार्काचे प्रमाण शेकडा १५ च्या आसपास असेपर्यंत फ्लोर जगते. द्राक्षाचा मद्यार्क घालून ते १७ च्या वर नेले की ती मरते, मद्य उघडे पडते, हवेच्या संपर्काने गडद होत जाते, आणि त्याची ओलोरोसो होते. आधी काही वर्षे फ्लोरखाली राहून मग उघड्यावर आलेली ती अमोंतियादो. सानलूकार हे ग्वादालकिवीर नदीच्या मुखाशी असल्यामुळे तेथे फ्लोर बाराही महिने जाड राहते, म्हणून हेरेझपासून विसेक किलोमीटरच्या अंतरावर त्याच द्राक्षाची मांझानिया होते.

तथापि येथेच निसर्गाचा युक्तिवाद अडखळतो. फ्लोर सजीव आहे, तिला अन्न लागते. एका हंगामाचे मद्य तसेच ठेवून दिले तर काही वर्षांत तिचे अन्न संपते व ती मरते. ती दीर्घकाळ जगवावयाची असेल तर जुन्या मद्यात ठरावीक काळाने नवे मद्य घालीत राहावे लागते. त्यासाठी अनेक हंगामांचा साठा एकाच मालकाच्या कोठारात एकाच वेळी असावा लागतो. अठराव्या शतकातील हेरेझमध्ये नेमके तेच करण्यास निर्यातदारांना मज्जाव होता.

श्रेणीची सत्ता

या प्रदेशातील द्राक्षशेती प्राचीन आहे, याविषयी दुमत नाही. कादिझ हे फिनिशियनांचे ठाणे. कृषिविषयक लॅटिन ग्रंथकार कोलुमेला हा पहिल्या शतकात याच कादिझमध्ये जन्मला. मुस्लिम राजवटीत, इ.स. ९६६ मध्ये खलिफा दुसरा अल-हकम याने वेली उपटण्याची आज्ञा दिली असता, सैन्याला मनुके पुरविण्याचे कारण सांगून स्थानिकांनी बहुतांश मळे वाचविले, अशी कथा सांगितली जाते. १२६४ मध्ये कास्तीलचा दहावा आल्फोन्सो याने हेरेझ जिंकून घेतले. १५१७ मध्ये सानलूकारच्या इंग्रज व्यापाऱ्यांना मेदिना सिदोनियाच्या ड्यूककडून विशेष सवलती मिळाल्या. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिझवर धाड घातली आणि लुटीत शेरीची सुमारे तीन हजार पिंपे इंग्लंडला नेली. शेक्सपियरच्या प्रेक्षकांना सॅकची चव ठाऊक असण्यामागे व्यापार आणि लूट दोन्ही होते.

पण हे सॅक आजच्या अर्थाने विविध नव्हते. ते मुख्यत्वे त्या त्या वर्षाचे, प्रवासात टिकावे म्हणून मद्यार्क घातलेले नवे मद्य होते. पुढे १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज मद्यांना जकातीत सवलत मिळाली आणि शेरीची मागणी घसरली. त्या पार्श्वभूमीवर हेरेझच्या बागायतदारांनी आपली श्रेणी बांधली. ‘ग्रेमियो दे ला विनातेरिया’ या श्रेणीची नियमावली १७३३ मध्ये मंजूर झाली.

प्राचीन भारतातील श्रेणींचा अभ्यास करणाऱ्यांना या संस्थेचे स्वरूप ओळखीचे वाटेल. श्रेणी दरवर्षी द्राक्षांचे व मद्याचे भाव ठरवीत असे, गुणवत्तेवर देखरेख ठेवीत असे, आणि मुख्य म्हणजे निर्यातदार व्यापाऱ्यांना मद्याचा साठा करू देत नसे. यामागील हिशेब सरळ होता. व्यापाऱ्याच्या कोठारात चार हंगामांचे मद्य असेल तर सुकाळात तो मातीमोलाने खरेदी करील आणि दुष्काळात बागायतदाराच्या दाराशी फिरकणारदेखील नाही. साठा ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. तेव्हा साठ्यावरील बंदी हे बागायतदाराचे संरक्षण होते. अर्थात श्रेणीला गरीब शेतकऱ्यांची संघटना समजण्याचे कारण नाही. तिच्यावर मोठ्या मळेवाल्यांचे वर्चस्व होते आणि धर्मसंस्थाही मळेवाल्यांपैकीच होत्या. मळ्यात राबणाऱ्या मजुराला तिच्या सभेत स्थान नव्हते.

या बंदीचा परिणाम मात्र दूरगामी झाला. मुरलेल्या, एकसारख्या चवीच्या मद्याची मागणी ब्रिटनमध्ये वाढू लागली, आणि ती हेरेझला पुरविता येईना. १७७० च्या दशकात हुआन आउरी या फ्रेंच वंशाच्या व्यापाऱ्याने श्रेणीला कायदेशीर आव्हान दिले. त्याला स्वतःच द्राक्षे पिकवावयाची, स्वतःच मद्य मुरवावयाचे आणि स्वतःच निर्यात करावयाचे होते. न्यायालयीन लढाईत त्याची सरशी झाली, श्रेणी खिळखिळी झाली आणि स्पेनमधील उदारमतवादी सुधारणांच्या लाटेत १८३४ मध्ये ती कायमची बरखास्त झाली. शेरीच्या इतिहासात ड्रेकच्या धाडीचे वर्णन रंगवून केले जाते आणि १८३४ या सालाची एका ओळीत बोळवण होते. महत्त्वाचा क्रम उलटा असावयास हवा.

कोठारांचे युग

बंदी उठताच भांडवल आले. स्पॅनिश साम्राज्याच्या ऱ्हासामुळे अमेरिकेतील वसाहतींतून परतलेला पैसा, इंग्रज व आयरिश व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि स्थानिक जमीनदार यांनी मिळून प्रचंड कोठारे उभारली. या कोठारांना ‘बोदेगा’ म्हणतात. उंच छत व कमानींच्या रांगांमुळे त्यांची तुलना नेहमी कॅथीड्रलशी केली जाते. ही भव्यता केवळ वैभवप्रदर्शनासाठी नव्हती. फ्लोरला थारेपालट सोसत नाही. म्हणून भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि पोनिएन्ते आत यावा अशा दिशेला, त्यांवर उन्हाला अडविणारे गवती पडदे, आणि जमीन मातीची, जेणेकरून उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपून गारवा धरता यावा.

या कोठारांतच ‘सोलेरा’ पद्धती पूर्णत्वास गेली. पिंपांच्या एकावर एक रांगा रचतात. सर्वांत खालच्या रांगेत सर्वांत जुने मद्य, तिच्यावर त्याहून नवे, असे क्रमाने. विक्रीसाठी खालच्या रांगेतून थोडेसेच मद्य काढतात. जेवढे काढले तेवढे वरच्या रांगेतून भरतात, तिची तूट तिच्या वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वर नव्या हंगामाचे मद्य येते. दह्याच्या विरजणाशी ही पद्धती ताडून पाहता येईल. कालच्या दह्याचा अंश आजच्यात राहतो, तसा सोलेरा सुरू झाली त्या वर्षीच्या मद्याचा काही ना काही अंश खालच्या पिंपात शिल्लक असतो. त्यामुळे अशा मद्याला एखाद्या विशिष्ट वर्षाचे म्हणता येत नाही. त्याला केवळ सरासरी वय असते. फ्लोरला नव्या मद्याचा खुराक नियमित मिळतो, आणि पूर्वी योगायोगाने होणारी फिनो हुकमी होऊ लागते.

‘योगायोगाने’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. कोठारातील मुख्य कारागीर नव्या मद्याचा प्रत्येक पिंपातील नमुना हुंगून पिंपावर खडूने खूण करीत असे. नाजूक मद्याला एक, भरदार मद्याला दुसरी. पालो कोर्तादो हे नावच या खुणेवरून आले आहे : आधी मारलेली रेघ, आणि मद्याने अनपेक्षित वळण घेतल्यावर तिला छेदणारी दुसरी रेघ. आजची सुटसुटीत वर्गवारी ही मुळात खडूच्या खुणांची वर्गवारी आहे. प्रत्येक खुणेचे मद्य वेगळ्या सोलेरात ठेवणे साठ्याची मुभा आणि गुंतविण्यास पैसा असणाऱ्यालाच परवडणारे होते.

बाजारपेठेनेही आपला ठसा उमटविला. १८३१ मध्ये ब्रिटनने पोर्तुगीज व स्पॅनिश मद्यांवरील जकात समान केली. १८३५ मध्ये मानुएल मारिया गोन्झालेझ याने आपली पेढी स्थापन केली आणि सानलूकारचा रहिवासी असलेल्या मामाच्या आवडीवरून ‘तिओ पेपे’ ही फिनो प्रसिद्धीस आणली. १८५४ मध्ये हेरेझ ते एल पुएर्तो हा स्पेनमधील आरंभीच्या लोहमार्गांपैकी एक मार्ग सुरू झाला, तो प्रामुख्याने पिंपे बंदरावर नेण्यासाठी. गोड ओलोरोसोची ‘क्रीम’ ही तर सरळसरळ इंग्रज गिऱ्हाइकासाठी घडविलेली जात होय. १८७३ च्या सुमारास निर्यात शिखरावर पोहोचली, आणि त्याच वर्षी लंडनच्या वृत्तपत्रात डॉ. थुडिकम यांनी शेरीत जिप्सम घालण्याच्या प्रथेवर टीका करून तिच्या आरोग्यदायी कीर्तीला धक्का दिला.

एकशे एकोणीस ते एक

या सुबत्तेच्या आरंभकाळी, १८०७ मध्ये, सिमोन दे रोहास क्लेमेंते या वनस्पतिशास्त्रज्ञाने अंदालुसियातील द्राक्षवेलींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. द्राक्षजातींचे शास्त्रीय पद्धतीने वर्णन करणारा तो आद्य ग्रंथ मानला जातो. त्यात ११९ जातींची नोंद आहे. हेरेझच्या मळ्यांतही त्या काळी अनेक जाती एकत्र नांदत होत्या.

१८९४ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड हेरेझला पोहोचली आणि मळे उद्ध्वस्त झाले. उपाय एकच होता : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर स्थानिक वेलींचे कलम करणे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात खुंटकाडावर कलम भरण्याची प्रथा आता सर्वपरिचित आहे. तिच्या मुळाशी युरोपातील हेच संकट आहे. नव्याने लागवड करताना मात्र जुन्या जाती परत आल्या नाहीत. भरघोस पीक देणाऱ्या पालोमिनोचीच निवड होत गेली. आज लागवडीखालील क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिच्याकडे आहे.

सर्व दोष किडीच्या माथी मारून भागणार नाही. चव कोठारात घडते, मळ्यात नव्हे, ही धारणा सोलेराने आधीच रुजविली होती. पालोमिनोचा रस तसा सौम्य व कमी आंबट असतो. फ्लोरला आणि पिंपाला आपली अक्षरे उमटविण्यासाठी हवी तशी ती कोरी पाटी. व्यापाऱ्याला मळ्यातून वैशिष्ट्य नको होते, पुरवठा हवा होता. एकदा ही धारणा पक्की झाल्यावर दुसरी जात लावणाऱ्या बागायतदाराला जादा भाव कोण देणार? कोठारातील बहुविधता आणि मळ्यातील एकसुरीपणा या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

द्राक्षे खुडणारे हात

श्रेणीच्या बरखास्तीनंतर भाव ठरविण्याची सत्ता बागायतदाराकडून बोदेगाकडे गेली. १७३३ ची भीती अनाठायी नव्हती. सर्वांत तळाशी असलेल्या मजुरांची स्थिती तर अधिकच बिकट झाली. ८ जानेवारी १८९२ च्या रात्री अराजकवादी चळवळीच्या प्रभावाखालील शेकडो शेतमजूर हेरेझ शहरात घुसले. उठाव काही तासांतच मोडला. पुढील महिन्यात चौघांना मृत्युदंड देण्यात आला. ब्लास्को इबान्येझ या कादंबरीकाराने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ला बोदेगा’ या कादंबरीला हेरेझच्या याच वास्तवाची पार्श्वभूमी आहे.

येथे एक प्रसंगोपात्त उल्लेख अस्थानी ठरू नये. आउरी घराण्याची पेढी १८२२ मध्ये पेद्रो दोमेक याच्याकडे आली. दोमेकचा लंडनमधील भागीदार जॉन जेम्स रस्किन हा जॉन रस्किन या विचारवंताचा पिता. रस्किनचे शिक्षण, प्रवास आणि चित्रसंग्रह यांमागे शेरीचा नफा होता. अंदालुसियातील कष्टकऱ्यांच्या श्रमाचे उत्पन्न दोमेक कन्यांच्या सासरी पॅरिसमध्ये का खर्च होते, या कोड्याने आपल्याला सामाजिक प्रश्नांकडे वळविले, असा आशय त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे पुस्तक १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका रेल्वेप्रवासात महात्मा गांधींच्या हाती पडले, आणि १९०८ मध्ये त्यांनी ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा गुजराती गोषवारा प्रसिद्ध केला. मद्यनिषेधाच्या कट्टर पुरस्कर्त्याला मिळालेल्या या प्रेरणेचा एक धागा हेरेझच्या पिंपांपर्यंत जातो.

नाव आणि सीमा

विसाव्या शतकातील संघर्ष साठ्याऐवजी नावावरून झाला. १९३५ मध्ये हेरेझला नियामक मंडळ लाभले. उत्पादनाच्या नावाला भौगोलिक संरक्षण देण्याचा स्पेनमधील हा आद्य प्रयोग होय. परंतु ‘ब्रिटिश शेरी’, ‘दक्षिण आफ्रिकन शेरी’ या नावांनी अनुकरणे खपतच राहिली. १९६७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नुसते ‘शेरी’ हे नाव हेरेझचेच. मात्र इतकी वर्षे हरकत न घेतल्यामुळे विशेषण लावलेली नावे बंद करता येणार नाहीत. ती युरोपीय संघात १९९६ पासून थांबली. तोवर बाजार बदलला होता. सत्तरच्या दशकात स्वस्त, गोड शेरीचा महापूर आला आणि पाठोपाठ मागणी कोसळली. १९८० च्या सुमारास वीस हजार हेक्टरांहून अधिक असलेले मळे आज सात हजारांच्या आसपास उरले आहेत.

या नियमावलीचे एक कलम मात्र विशेष लक्षणीय होते. द्राक्षे पिकविण्याची मुभा चिपिओना, त्रेबुहेना, रोता, चिक्लाना इत्यादी अनेक गावांना होती. परंतु ‘शेरी’ या नावाने मद्य मुरविण्याचा हक्क त्रिकोणातील तीन शहरांपुरताच मर्यादित होता. पिकवावे गावांनी, मुरवावे शहरांनी, अशी ही वाटणी. श्रेणीने व्यापाऱ्यांवर घातलेली साठ्याची बंदी जणू उलटी होऊन बागायती गावांवर आली होती.

२०२१-२२ मध्ये नियमावलीत जे फेरबदल झाले त्यांनी ही वाटणी मोडली. शेरी मुरविण्याचे क्षेत्र द्राक्षलागवडीच्या क्षेत्राइतकेच विस्तारले. द्राक्षाच्या नैसर्गिक साखरेतूनच १५ टक्के मद्यार्क येत असेल, तर फिनोत वरून मद्यार्क घालण्याची सक्तीही उरली नाही. आणि फिलॉक्सेराच्या पूर्वी या मातीत असलेल्या सहा जातींना पुन्हा मान्यता मिळाली : मान्तुओ कास्तेयानो, मान्तुओ दे पिलास, वेहेरिएगो, पेरूनो, कान्योकाझो आणि बेबा.